चढणारी रांग, उतरणारी रांग

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत आरेखक तिसऱ्या मजल्यावर बसत आणि त्यांची बायको तळमजल्यावर. ते पाइपलाइनींचे नकाशे काढत, ती टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि अबोल्याला अकरा दिवस.

अबोल्याचं कारण तसं साधं होतं. तिच्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न आटोपलं, दुपारी पाहुण्यांना घरी सोडायला बस आली. कोणीतरी "चला, चला, बसा लवकर" म्हणालं, सगळे चढले, म्हणून आरेखकही चढले. खिडकीची जागा मिळाली, डोळा लागला, घर आलं, सगळे उतरले तसे तेही उतरले. दाराला कुलूप होतं आणि किल्ली बायकोच्या पर्समध्ये. पर्स बायकोकडे होती आणि बायको अजून लग्नाच्या हॉलवर, आतेबहिणीची समजूत काढत बसली होती. तासाभराने ती कोणाच्या तरी स्कूटरवरून आली.

"मला वाटलं तू पुढे बसली असशील," आरेखक पायरीवरून उठत म्हणाले.

"आणि नाहीये हे कधी कळलं?"

इथे काहीही चाललं असतं. पण आरेखक खरं बोलले. "कुलूप दिसलं तेव्हा."

त्यानंतर घरात शब्द नाही. लेक शिकायला परगावी, त्यामुळे मध्यस्थीला कोणी नाही. जेवणाच्या टेबलावर ताट झाकलेलं असे, इस्त्रीचे कपडे खुर्चीवर असत, सगळं जिथल्या तिथे. फक्त माणूस त्यातून उठून गेल्यासारखं वाटे.

कचेरीत मात्र एक सोय होती. बाहेरची लाइन हवी असेल तर ती ऑपरेटरकडून घ्यावी लागे, आणि नोकरीतल्या बोलण्याला अबोला लागू नाही असं बाईंनी मनाशी ठरवलेलं होतं. त्यामुळे अकरा दिवसांत पाइपच्या कारखान्याला जितके फोन गेले तितके आधीच्या वर्षभरात गेले नसतील.

"नमस्कार, ऑपरेटर."

"कारखान्याचा नंबर हवा होता."

"मघाशीच दिला होता. ते जेवायला गेलेत."

"मग... ती वेळ सांगतात ना, तो नंबर द्या."

"तुमच्या समोर भिंतीवर घड्याळ आहे."

"ते पाच मिनिटं मागे आहे."

 "त्यात पाच मिळवा," आणि खट्. आरेखकांनी तो अख्खा दिवस त्या तीन शब्दांवर काढला.

त्याच आठवड्यात अग्निशमन दलाचे अधिकारी कचेरीत भाषण द्यायला आले. मिशा भरघोस, आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. खालच्या दालनात सगळ्यांना बसवलं होतं. चहाच्या मावशी तेवढ्या कप घेऊन मागेपुढे फिरत होत्या.

"माणूस एकटा असतो तोवर शहाणा असतो," अधिकारी म्हणाले. "चाळीस जण एका ठिकाणी आणा आणि आग म्हणा. मेंढरं होतात. पुढच्याला बघून मागचा पळतो, त्याला बघून त्याच्या मागचा."

"आणि पुढचा कोणाला बघून पळतो?" आवक-जावकच्या कारकुनांनी विचारलं.

"प्रश्न शेवटी," अधिकारी म्हणाले. "म्हणून तीन गोष्टी. धावायचं नाही. ठरलेला जिना सोडायचा नाही. आणि मुख्य म्हणजे कोणाला शोधत बसायचं नाही. प्रत्येकाने आपापलं बाहेर पडायचं आणि अंगणात उभं राहायचं."

मग प्रत्येक मजल्याला एक सुरक्षाप्रमुख हवा म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरून कोण, असं विचारताच सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. आरेखक त्या वेळी चवड्यांवर उभे राहून दुसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोने मान इकडे वळवली का ते बघत होते. अख्ख्या मजल्यातून एकटाच माणूस उंच झालेला दिसला. अधिकाऱ्यांनी त्यांना पिवळं जाकीट आणि शिट्टी देऊन टाकली.

गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला आगीची बेल वाजली.

तिसऱ्या मजल्यावर कोणी जागचं हललं नाही. त्याला कारण होतं. सोमवारपासून वायरमन शिडी लावून ती बेल दुरुस्त करत होता आणि तीन दिवसांत ती सात वेळा वाजली होती. टायपिस्टबाईंनी तेवढ्यापुरतं टंकन थांबवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. सगळे बसलेले होते, म्हणून त्यांनी पुन्हा सुरू केलं. त्यांनी सुरू केलं हे पाहून आवक-जावकवाल्यांनी पाकिटाला डिंक लावला. डिंक लावताहेत म्हटल्यावर बाकीच्यांच्या जिवात जीव आला.

आणि सगळ्यांनी, एकेकट्याने, चोरून, काचेच्या केबिनकडे पाहिलं.

केबिनमध्ये साहेब सह्या करत होते. साहेबांचा दरारा असा की त्यांच्यासमोर कोणाचं वाक्य पूर्ण होत नसे. काही सांगायला गेलं की ते पेन न थांबवता "लेखी द्या" म्हणत. रजा हवी, लेखी द्या. छत गळतंय, लेखी द्या. एकाने मुलगी झाल्याची बातमी दिली, तीही त्याला लेखी द्यावी लागली. असा माणूस बेल वाजत असताना शांतपणे पान उलटतोय, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार.

"काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"येतोय खरा."

"मग साहेबांना सांगायचं का?"

"त्यांना आलाच असेल की. कोणीतरी अग्निशमन दलालाही कळवलं असेल."

"कोणी?"

"कोणीतरी."

जिन्याकडून धुराची एक बारीकशी रेघ आली आणि छताला लागून हळूहळू पुढे सरकली. एकवीस जणांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. आधी उठून हसं करून घ्यायची कोणाची तयारी नव्हती, एवढंच.

आरेखकांना जाकिटाची आठवण झाली. सुरक्षाप्रमुखाने प्रथम ऑपरेटरला फोन करायचा असा नियम होता. त्यांनी फोन उचलला. एकदा वाजला, दोनदा वाजला, तीनदा वाजला. पाचव्यांदा वाजला तेव्हा त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. चोवीस वर्षांत बाईंनी फोन तिसऱ्यांदा वाजू दिला नव्हता. अबोल्यातसुद्धा नाही.

ते उठले. जाकीट अंगात अडकवलं, उलटं, पण अडकवलं. आणि चालू लागले.

एक माणूस उठला, आणि तोही पिवळ्या जाकिटातला. एकवीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

बाहेर पडायचा ठरलेला जिना पश्चिमेला होता. टेलिफोनची खोली पूर्वेच्या जिन्याखाली. आरेखक पूर्वेला वळले, मागची रांगही वळली. ते कोणाला काही बोलले नाहीत, मागे पाहिलंही नाही. आपल्यामागे कोणी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की तळमजल्यावर एक लहानशी खोली आहे, तिला खिडकी नाही, आणि आत कोणी फोन उचलत नाहीये.

जिन्याच्या तोंडाशी त्यांना वाटलं, ती वर स्टेशनरी घ्यायला आली असेल. गुरुवारी येते कधीकधी. ते स्टेशनरीच्या खोलीत शिरले. कोणी नव्हतं. वळले, तर समोर खोली माणसांनी गच्च भरलेली. आवक-जावकवाले कागदांच्या गठ्ठ्यावर चढून उभे होते, मागच्यांना जागा व्हावी म्हणून.

"तुम्ही सगळे इथे काय करताय?" आरेखकांनी विचारलं.

"तुमच्यामागे आलो," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"पण मी कुठे चाललोय ते माहितीय का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला माहितीय ना?"

 "जरा वाट द्या," आरेखक म्हणाले. वाट द्यायला आधी सगळ्यांना बाहेर पडावं लागलं. ते कोणी घाई न करता, "तुम्ही आधी", "नाही, तुम्ही", असं करत बाहेर पडले. धूर दाट होत होता, पण खोलीतून शेवटी निघालेला माणूस दिवा मालवायला विसरला नाही.

आता तळमजल्यावर काय झालं ते सांगायला हवं.

बेल वाजताच ऑपरेटरबाईंनी दलाला फोन केला. पत्ता सांगितला, उलट म्हणवून घेतला, आणि हेडफोन काढून ठेवला. बाहेरचं दार त्यांच्या खोलीपासून दहा पावलांवर. एवढ्यात पहिल्या मजल्यावरची माणसं खाली उतरताना दिसली. मग दुसऱ्यावरची काही आली. तिसऱ्यावरचं कोणी येईना. बाई दाराकडे चार पावलं गेल्या. आपला नवरा ज्या बाजूला सगळे जातात त्या बाजूला जातो, हे त्यांना लग्नाच्या बसपासून पक्कं ठाऊक होतं. आणि तिसऱ्या मजल्यावरचे सगळे जर बसूनच राहिले असतील, तर तोही बसूनच असणार.

बाई वळल्या आणि पूर्वेचा जिना चढू लागल्या.

कचेरीत कोणतीही बातमी पहिल्यांदा ऑपरेटरला कळते, असा सगळ्यांचा अनुभव होता. बदली कोणाची होणार हे साहेबांच्या आधी तिला कळे. ती बाई पदर खोचून वर चाललीये, म्हणजे खालचं दार बंद झालेलं असणार. उतरणारे थांबले, क्षणभर विचार केला, आणि तिच्यामागे चढू लागले. पहिला मजला ओलांडेपर्यंत तीस जण झाले होते.

दुसऱ्या मजल्याच्या चौकात दोन्ही रांगा समोरासमोर आल्या. खाली येणाऱ्या रांगेच्या तोंडाशी उलट्या जाकिटातले आरेखक, वर जाणाऱ्या रांगेच्या तोंडाशी धापा टाकणाऱ्या बाई. दोघंही थांबले. त्यांच्यामागे पन्नासेक माणसं थांबली.

"फोन का नाही उचललास?" आरेखक म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला.

"खोलीत नव्हते म्हणून. जिन्यात होते."

"दार दहा पावलांवर असताना जिन्यात काय करतेस?"

"तुम्हाला न्यायला निघाले होते. आणि तुम्ही इकडच्या जिन्यात कशाला? तुमचा जिना तो."

"तुला बघायला."

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "आज मधे कुलूप नव्हतं, तरी आठवले?"

"पाचव्या रिंगला आठवलीस," आरेखक पुन्हा खरं बोलले. "तिसऱ्यालाच आठवायला हवं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पुढे होऊन त्यांचं जाकीट उतरवलं, सुलट केलं, आणि लहान मुलाला घालतात तसं एकेक हात धरून घातलं.

इकडे मागच्यांना काही दिसत नव्हतं. "पुढे का थांबलेत?" खालून विचारणा झाली. उत्तर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत गेलं. निघताना ते "दोघं बोलले" असं होतं. अशा वेळी निरोप वाटेत बिघडतो, पण हा बिघडला नाही, कारण अबोल्याची बातमी सगळ्या मजल्यांना होती आणि सगळे तिच्या शेवटाची वाट बघत होते. "दोघं बोलले." "बोलले का?" "हो, बोलले म्हणे." शेवटच्या पायरीवर कोणीतरी "चला, बरं झालं" म्हणून सुस्कारा टाकला.

"आपल्याला खाली जायचंय ना?" टायपिस्टबाईंनी हळूच विचारलं. "नाही, तुमचं चालू द्या. पण धूर आहे."

मग बाईंनी सूत्रं हाती घेतली. खालचं दार उघडं आहे, असं त्यांनी टेलिफोनवरच्या आवाजात सांगितलं, आणि तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. रांग वळली. जिना अरुंद होता, पण कोणी कोणाला ढकललं नाही. आवक-जावकवाल्यांचा गुडघा दुखत होता, त्यांना दोघांनी दोन बाजूंनी धरलं, आणि त्यांच्या चालीने पन्नास माणसं उतरली.

अंगणात चहाच्या मावशी चौथऱ्यावर एकट्याच बसल्या होत्या. आग त्यांच्याच खोलीतली. शेगडीजवळचं फडकं पेटलं आणि त्याने खुर्चीची गादी पेटवली. मावशींनी पहिल्या दोन मिनिटांत त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, गॅस बंद केला, दार ओढून घेतलं, पश्चिमेच्या जिन्याने उतरल्या आणि ठरल्या जागी येऊन बसल्या. भाषण त्यांच्यासाठी नव्हतं. त्यांनी ते कप गोळा करता करता ऐकलं होतं.

"सगळे कुठे होतात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मीच चुकून बाहेर आले."

दलाची गाडी आली. अधिकारी धावत आत गेले, ओली गादी बघून बाहेर आले, आणि हातात कागद घेऊन मजल्याप्रमाणे मोजणी करू लागले.

"तिसरा मजला. तेवीस हवेत. बावीस आहेत."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग एकदम वर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत साहेबांचं डोकं खाली झुकलेलं दिसत होतं. ते सह्या करत होते. बेल अजून वाजत होती. ती इतकी कर्कश होती की रस्त्यापलीकडच्या दुकानातली माणसं कानांवर हात ठेवून बाहेर उभी होती.

"त्यांना कोणी सांगितलं नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्यांना माहीत असेल असं वाटलं," एकवीस जण म्हणाले.

आरेखक धावत वर गेले. या वेळी मागे फक्त अधिकारी होते. केबिनचं दार त्यांनी ठोठावलं, मग जोरात ठोठावलं, मग उघडलं. साहेबांनी मान वर केली नाही. आरेखकांची सावली कागदावर पडली तेव्हा ते दचकले आणि सवयीने म्हणाले, "लेखी द्या."

आरेखक तिथेच उभे राहिले. अकरा वर्षं ऐकलेली ती दोन शब्दांची आज्ञा त्यांना आज पहिल्यांदा कळली. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन्सिलीने लिहिलं, "खाली चला, आग होती, विझली," आणि समोर ठेवला.

साहेबांनी वाचलं. रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, दारातल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"बेल झाली होती का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

बेल तेव्हाही त्यांच्या डोक्यावर घणघणत होती. आरेखक त्यांच्या अगदी समोर आले, ओठ दिसतील असे, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "झाली होती, साहेब. पण हळू वाजली."

अधिकाऱ्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं आणि कागदावर लिहिलं, बेलचा आवाज वाढवणे.

तरी शेरा वाईटच पडला. दोन रांगा उलट्या दिशांनी गेल्या, दाराशी पोचलेली माणसं परत वर चढली, असं त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिलं नव्हतं. सोमवारी पुन्हा सराव घेईन, म्हणाले. वेळ तीन मिनिटं. कोणी कोणाला शोधायचं नाही, हे त्यांनी आरेखकांकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत सांगितलं.

साहेबांबद्दल आरेखक कोणाशी बोलले नाहीत. फक्त घरी बायकोला सांगितलं, कारण आता सांगता येत होतं. बाईंनीही कोणाला सांगितलं नाही. पण अंगणात पन्नास जोडी डोळ्यांनी ती खिडकी पाहिली होती, आणि चार दिवसांत प्रत्येकाने आपल्यापुरता हिशोब लावला होता. आपल्या एकट्यालाच हे कळलंय, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी बेल वाजली. ऑपरेटरबाई दहा पावलं चालून अंगणात आल्या आणि आपल्या खुणेवर उभ्या राहिल्या. पहिला मजला आला, दुसरा आला, मावशी तर आधीच आलेल्या. तीन मिनिटं झाली. तिसऱ्याचं कोणी नाही.

"बाई, आत जायचं नाही हं," अधिकारी घड्याळावरची नजर न काढता म्हणाले.

"जात नाहीये. बघतेय."

वर काय चाललं होतं ते अधिकाऱ्यांना नंतर कळलं. बेल वाजताच टायपिस्टबाई एक पत्र घेऊन साहेबांच्या सहीसाठी निघाल्या, म्हणजे साहेबांनी मान वर करावी. त्याच क्षणी आवक-जावकवाले रजिस्टर घेऊन निघाले. भांडारवाले मागणीपत्र घेऊन, सर्वेक्षणवाले नकाशा घेऊन, आणखी कोणी रजेचा अर्ज घेऊन. रजा कसली ते त्यांनाही माहीत नव्हतं. आरेखक पोचले तेव्हा केबिनच्या दारात बावीसपैकी एकवीस जण हातात कागद धरून अडकले होते. दार एका माणसाचं. चेंगराचेंगरी म्हणावी अशी ती एकच गोष्ट त्या कचेरीत घडली.

साहेबांनी मान वर केली. दारातल्या गर्दीकडे पाहिलं, एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कोणाच्याच हातातल्या कागदाकडे पाहिलं नाही.

"एवढ्या सह्या?" ते म्हणाले.

"खाली करू या, साहेब," टायपिस्टबाई त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या. "खाली उजेड चांगला आहे."

साहेब उठले. त्यांनी कोट घातला नाही, फाइल घेतली नाही. आवक-जावकवाल्यांना गुडघ्यामुळे पायरी जड जाते हे त्यांनी कधीतरी पाहिलेलं असावं. त्यांनी त्यांना हात दिला आणि पुढे निघाले.

सात मिनिटं अकरा सेकंदांनी पश्चिमेच्या जिन्याचं दार उघडलं. बाई मोजत होत्या. पहिले दोघं साहेब आणि आवक-जावकवाले, मग टायपिस्टबाई, मग एकामागून एक, प्रत्येकाच्या हातात एक कागद. बावीसपर्यंत येऊन त्या थांबल्या. दार रिकामंच होतं. मग सगळ्यांत शेवटी, सुरक्षाप्रमुखाने यायचं तसे, पिवळं जाकीट सुलट घातलेले आरेखक बाहेर आले.

"तेवीस," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बंद केलं. मिशीवरून हात फिरवला. "सात मिनिटं," ते म्हणाले. "आता मी कारण काय लिहू?"

बाईंनी अंगणाकडे पाहिलं. साहेब चौथऱ्यावर मावशींच्या शेजारी बसले होते, समोर एकवीस कागदांची रांग लागली होती, आणि ते रजेचा अर्ज लक्षपूर्वक वाचत होते.

"लिहा, सगळे आले," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी थोडा वेळ पेन धरून ठेवलं. मग तेवढंच लिहिलं.